गणित अडलं की प्रश्न उलटा करून बघा

गणित अडलं की पोरं काय करतात, तीच आकडेमोड परत पहिल्यापासून. शिकवणीत हे मी रोज बघते. तेव्हा पेन खाली ठेवायचं आणि स्वतःला विचारायचं, मी यात कोणाला मोजतोय? आणि ज्याला मोजत नाहीये त्यालाच मोजलं तर?

समजा गावात कबड्डीच्या नॉकआऊट मॅचेस आहेत, 37 टीम आल्यात, एकूण मॅच किती होतील? सगळे फेऱ्या मांडतात, पहिल्या फेरीत 18 मॅच आणि एका टीमला बाय, म्हणजे ती न खेळताच पुढच्या फेरीत, उरल्या 19, मग 9 मॅच आणि परत एक बाय, मग 5, मग 2, 1, 1... बेरीज 36 येते खरी पण त्या बायमध्ये हमखास घोळ होतो. आता जिंकणाऱ्यांना सोडा, हरणाऱ्यांकडे बघा. एका मॅचला एकच टीम घरी जाते आणि शेवटी एकच उरते, म्हणजे 36 टीमना घरी पाठवायचंय, म्हणून 36 मॅच. 500 टीम असतील तर 499, कागदसुद्धा लागत नाही.

प्रश्नात ‘निदान एकदा’ दिसलं की ‘एकदाही नाही’ काढायचं. फासा 4 वेळा टाकला तर निदान एकदा 6 पडायची शक्यता? एकदाही न पडायची शक्यता म्हणजे 5/6 चार वेळा गुणायचे, 625/1296, ती 1 मधून वजा केली की 671/1296, निम्म्याहून जरा जास्त.

माझं सगळ्यात लाडकं कोडं मात्र बुद्धिबळाच्या पटाचं. 64 घरांपैकी कर्णाच्या दोन टोकांची घरं कापली, उरली 62. प्रत्येकी शेजारशेजारची दोन घरं झाकणाऱ्या 31 पट्ट्यांनी ती सगळी झाकता येतील का? पट्ट्या लावत बसलात तर अख्खी संध्याकाळ जाते, जमत नाही, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. पट्ट्या बाजूला ठेवा, रंग बघा. पट्टी कशीही ठेवा, ती एक काळं आणि एक पांढरं घर झाकणार, पण कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची होती, म्हणजे उरली एका रंगाची 32 आणि दुसऱ्याची 30, मग जमणार कसं?

घरी मुलांना द्याल तर पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून द्या आणि रंगाचं लगेच सांगू नका प्लीज, पट रंगवलेला न देता साध्या चौकटींचा द्या, बऱ्याच वेळाने फक्त एक काळा स्केचपेन शेजारी ठेवा.