असेंबल केलेला नवा पीसी ताण देऊन कसा तपासावा

सुटे भाग जोडून तयार केलेला पीसी पहिल्या दिवशी सुरू होतो, विंडोज टाकून होतं, गेमही चालतो. मग दोन महिन्यांनी व्हिडिओ रेंडर करताना मशीन अचानक रीस्टार्ट होतं आणि तोवर दुकानदाराची बदलून देण्याची मुदत उलटलेली असते. म्हणून ही तपासणी पहिल्याच आठवड्यात उरकावी आणि एका वेळी एकाच भागाची करावी. सगळ्या चाचण्या एकदम लावल्या, तर मशीन बंद पडल्यावर दोष रॅमचा, प्रोसेसरचा की एसएमपीएसचा (सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्याचा), हे कळायला काही मार्ग उरत नाही.

सुरू करण्याआधी

कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढली आहे ना, लिक्विड कूलर असेल तर त्याच्या पंपाची वायर मदरबोर्डवरच्या पंपाच्याच हेडरवर (जोडणीच्या पिनांवर) आहे ना, ग्राफिक्स कार्डचा पॉवर कनेक्टर पूर्ण आत बसला आहे ना, हे बघा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात.

बायॉस, म्हणजे मदरबोर्डमधला मशीन सुरू करणारा प्रोग्राम, अपडेट करा. इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर ही पायरी अजिबात टाळू नका. या चिपना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून त्या कायमच्या खराब होत होत्या. त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट) इंटेलने २०२४ पासून दिले आणि ते नव्या बायॉसमधूनच येतात. सोबत बायॉसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा, कारण अनेक मदरबोर्ड वॉटची मर्यादा आपणहून मोकळी सोडतात.

पायरी १: रॅम, तीही विंडोज टाकण्याआधी

खराब रॅमवर विंडोज टाकलं तर फाइल्स चुकीच्या लिहिल्या जातात आणि पुढे रॅम बदलली तरी त्रास संपत नाही. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून मशीन बूट करा. आधी बायॉसमधलं एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) बंद ठेवून एक फेरी करा. मग ते चालू करून पूर्ण ४ फेऱ्या होऊ द्या. ३२ जीबीला कित्येक तास लागतात, त्यामुळे रात्री लावून ठेवणं सोयीचं. डीडीआर५ असेल तर एक्सपो चालू केल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. त्या वेळी रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे मदरबोर्डने तिच्याशी वेळ जुळवून घेणं, चालू असतं. घाबरून बटण दाबू नका.

एक जरी एरर आली तरी रॅम नापास धरा. मग एकच पट्टी एका स्लॉटमध्ये लावून तपासा, त्याच स्लॉटमध्ये दुसरी तपासा. एरर पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. स्लॉटलाच चिकटून राहिली तर स्लॉट किंवा प्रोसेसर नीट न बसल्याचा संशय घ्या. दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास होतात आणि एकत्र नापास होतात, असं असेल तर बायॉसमध्ये रॅमचा वेग उदाहरणार्थ ६००० वरून ५६०० वर आणून पाहा. चार पट्ट्या लावलेल्या मशीनमध्ये हे बऱ्याचदा दिसतं.

पायरी २: प्रोसेसर आणि कूलर

विंडोज टाकून झालं की त्यात एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वेग वगैरे दाखवणारा प्रोग्राम) फक्त सेन्सर दाखवेल असं उघडा. मशीन १० मिनिटं नुसतं सुरू ठेवा आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. आता प्रोसेसरवर गणिताचा ताण देणाऱ्या प्राइम९५ मध्ये ‘स्मॉल एफएफटी’ ही चाचणी निवडून ३० मिनिटं चालवा. एअर कूलरचं तापमान साधारण १०-१५ मिनिटांत स्थिरावतं. लिक्विड कूलरमधलं पाणी सावकाश तापतं, तिथे पहिल्या ५ मिनिटांचा आकडा फसवा असतो.

इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप चिपची तापमानाची मर्यादा बहुधा १०० अंश, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५ आणि ७८००एक्स३डीची ८९. रायझन ७००० पूर्ण भाराखाली ९५ गाठतो तो मुळात तसाच बनवलेला असल्यामुळे. तिथे तापमानापेक्षा क्लॉक (प्रोसेसरचा वेग) बघा: तो बेस क्लॉकच्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या किमान वेगाच्या, खाली घसरला तर कूलिंग अपुरं. स्मॉल एफएफटी रोजच्या कामापेक्षा खूप जास्त तापवते, त्यामुळे मर्यादेच्या जवळ जाणं चालवून घेता येतं. प्राइम९५ चा एखादा वर्कर (एका कोअरवर चालणारं काम) थांबणं किंवा राउंडिंग एरर (गणिताचं उत्तर चुकणं) येणं मात्र कधीच नाही.

तापमान किती चढतं याहून ते कसं चढतं हे जास्त सांगून जातं. एअर कूलर लावलेली ६५ वॉटची साधी चिपही काही सेकंदांतच मर्यादेला भिडली, तर कूलर आणि चिप नीट टेकलेले नाहीत: फिल्म राहिली, स्क्रू एका बाजूने सैल आहे, किंवा पेस्ट कमी पडली. लिक्विड कूलर असेल तर पंपच फिरत नसेल, त्याचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) बघा. उलट, २० मिनिटं हळूहळू चढतच राहिलं तर गरम हवा कॅबिनेटमध्ये कोंडते आहे. बाजूची काच काढून तीच चाचणी पुन्हा लावा. ५ अंशांहून जास्त उतरलं तर पैसे कूलरवर घालू नका, समोर हवा आत ओढणारा पंखा वाढवा.

खोलीचं तापमान लिहिलंत ते यासाठी: खोली जितकी तापते, जवळपास तितकेच अंश आतले आकडे वर जातात. जानेवारीत पुण्यात २० अंशांच्या खोलीत ८५ दाखवणारं मशीन मे महिन्यात नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत मर्यादेला धडकणार आणि वेग कमी करणार.

यानंतर प्राइम९५ ची ‘ब्लेंड’ काही तास चालवा. तिने रॅम आणि मेमरी कंट्रोलर दोन्हींवर ताण येतो. एचडब्ल्यूइन्फोच्या यादीत तळाशी विंडोजच्या हार्डवेअर एररची ओळ असते, ती शून्यच हवी.

पायरी ३: ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्डवर ताण देणारं युनिजिन हेवन तासभर फिरत ठेवा. ठिपके, चमकणारे त्रिकोण, रंगांचे पट्टे दिसले तर कार्ड किंवा त्याचं ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग) संशयास्पद. एचडब्ल्यूइन्फोमध्ये हॉट स्पॉट (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं तापमान) दिसत असेल तर तो कार्डच्या सरासरी तापमानापेक्षा १५-२० अंशांनी जास्त असणं ठीक. फरक ३० च्या पुढे असेल तर हीटसिंक नीट बसलेली नाही. नव्या कार्डाच्या बाबतीत ते स्वतः उघडू नका, वॉरंटीत द्या. फरमार्क हा कार्ड खूप तापवणारा प्रोग्राम फक्त उष्णता बघायला, १५ मिनिटं पुरे.

पायरी ४: सगळं एकत्र

कॅबिनेट बंद करून प्राइम९५ आणि फरमार्क ३० मिनिटं एकदम चालवा. ब्लू स्क्रीन न येता, प्लग ओढल्यासारखं मशीन क्षणात बंद पडलं तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (घडामोडींच्या नोंदवहीतली) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद विंडोज नीट बंद झालं नाही एवढंच सांगते, कारण सांगत नाही. ही चाचणी यूपीएसवर करू नका. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो आणि दोष विनाकारण एसएमपीएसच्या माथी येतो. थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा.

रायझनवर बायॉसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने व्होल्टेज कमी केलं असेल तर वरच्या सगळ्या चाचण्या पास होऊनही मशीन नुसतं ब्राउझर उघडं असताना हँग होऊ शकतं. एकाच कोअरवर काम आलं की क्लॉक सर्वांत वर जातो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. कोअरसायक्लर हा प्रोग्राम एकेक कोअर आळीपाळीने तपासतो, तो रात्रभर चालवा. ज्या कोअरवर एरर येईल त्याचा कर्व्ह ऑप्टिमायझरमधला आकडा उणे ३० असेल तर उणे २५ करा आणि पुन्हा लावा.