जुन्या पिकअपला पिकअपच नाही? टायमिंग असं लावा

आपल्याकडे गाडी खेचत नसली की "पिकअप नाही" म्हणतात, आणि इकडे अमेरिकेत पिकअप म्हणजे मागे हौदा असलेला ट्रक, तर माझ्याकडे पिकअप होता पण त्याला पिकअप नव्हता. 1978 चा शेवरोले सी-10, 350 क्युबिक इंचाचं म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, तरी पेन्सिल्वेनियातल्या चढावर दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. शेवटी घोळ टायमिंगचा निघाला.

टायमिंग म्हणजे काय तर प्लगने करंट कधी मारायचा. पेट्रोल फटाक्यासारखं एकदम फुटत नाही, जळायला वेळ घेतं, म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधीच करंट मारावा लागतो. हे आधीचं अंतर डिग्रीत मोजतात. 600 आरपीएमला क्रँकचा (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) एक फेरा होतो 100 मिलिसेकंदात, 3000 ला फक्त 20 मध्ये, म्हणजे इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं लवकर पेटवायला हवं. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) आतली वजनं आणि स्प्रिंगा करतात. आपण फक्त सुरुवातीचा आकडा लावायचा. गावाकडचे मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला सर्रास डेल्को म्हणतात ना, ते हा भाग बनवणाऱ्या कंपनीचंच नाव, आणि माझ्या ट्रकमध्ये तो खरोखरचा डेल्को आहे.

सामान फार नाही. टायमिंग लाईट (1 नंबरच्या प्लगला करंट गेला की चमकणारा दिवा), 9/16 इंची पाना (डिस्ट्रिब्युटर पार मागे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, चिकटून बसलाय, तेव्हा वाकड्या मानेचा मिळाला तर देवच पावला), पांढरा रंग किंवा खडू, आणि व्हॅक्यूमची नळी (इंजिनाच्या हवेच्या ओढीने टायमिंग आणखी पुढे नेणारी) बंद करायला एखादा स्क्रू. बॉनेटखालच्या स्टिकरवर तुमच्या इंजिनाचा आकडा आणि कुठल्या आरपीएमला तपासायचं ते लिहिलेलं असतं, तोच खरा. स्टिकर उडून गेला असेल तर साध्या 350 ला 8 डिग्रीपासून सुरुवात करा.

इंजिन बंद असताना आधी खूण शोधा. समोर खाली क्रँकवर जाड गोल चकती असते, बॅलन्सर, तिच्या कडेला एक खाच, आणि शेजारी टायमिंग कव्हरवर दातेरी पट्टी. दोन्हीवर 40-45 वर्षांचं ऑइल आणि माती बसलेली असणार, घासून पुसून खाचेत पांढरा रंग भरा. याचा कंटाळा केलात तर पुढे लाईट मारून काहीच दिसणार नाही आणि तुम्ही लाईटला शिव्या द्याल.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली, ती खूणच खोटी असू शकते. बॅलन्सरच्या दोन लोखंडी भागांच्या मध्ये रबर असतं, ते जुनं झालं की बाहेरचं कडं सरकतं आणि खाच भलत्याच जागी जाते. संशय असेल तर बॅटरी काढा, 1 नंबरचा प्लग (ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात पुढचा) काढून तिथे पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर अडवणारा बोल्ट) बसवा, क्रँक हाताने हळू एका बाजूला अडेपर्यंत फिरवा आणि खूण करा, मग उलटा फिरवून अडेल तिथे दुसरी खूण. दोन्हीच्या बरोबर मध्ये खरा शून्य. स्टॉप काढायला विसरू नका म्हणजे झालं.

मग इंजिन नीट गरम होऊ द्या, शटर उघडं ठेवून, बंद गॅरेजमध्ये धूर जीव घेतो. बंद करून लाईटचा लाल-काळा चिमटा बॅटरीला आणि तिसरा 1 नंबरच्या प्लगच्या वायरवर लावा. डिस्ट्रिब्युटरच्या डबीला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. पहिल्या वेळी मी हेच विसरलो, आकडा 20 च्या वर दिसला, मी घाबरून सगळं मागे घेतलं आणि ट्रक आधीपेक्षा जास्त मेला. आता 9/16 चा बोल्ट डिस्ट्रिब्युटर हाताने जेमतेम फिरेल इतकाच ढिला करा.

चालू करा, आयडल 600-700 च्या आसपास ठेवा, याच्या वर गेलात तर आतली वजनं उघडायला लागतात आणि आकडा फसवा येतो. लाईट खुणेवर मारा. सावधान, या लाईटमध्ये फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो, थांबलेला नसतो! बाह्या वर, ओढणी, गळ्यातली चेन सगळं काढून ठेवा, आणि प्लगच्या वायरांना हात लावू नका, त्यांचा झटका चांगलाच बसतो.

या इंजिनात रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आतला फिरता तुकडा) घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर उलट्या दिशेने फिरवला की टायमिंग पुढे जातं, म्हणजे करंट आधी पडतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की मागे. केसभर फिरवा, बघा, परत केसभर. पुढे नेलं की आयडल आपोआप वाढतं, ते कार्ब्युरेटरच्या स्क्रूने खाली आणा आणि टायमिंग परत बघा. 8 आलं की बोल्ट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा बघा, कारण आवळताना तो हमखास सरकतो.

माझं मत विचाराल तर आयडलचा आकडा अर्धीच गोष्ट आहे. नळी बंदच ठेवून 3000 आरपीएमपर्यंत रेस करा, तिथे एकूण 34 ते 36 डिग्री यायला हवं. डायल असलेली लाईट असेल तर सोपं. नसेल तर पट्टी तिथपर्यंत पोचत नाही, मग बॅलन्सरवर मोजून दुसरी रेघ मारा, 8 इंची बॅलन्सरच्या कडेवर एक डिग्री म्हणजे साधारण 1.77 मिलिमीटर, 34 ला 60.

1975 च्या आधीचा ट्रक असेल तर त्यात पॉईंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असतात. तिथे आधी पॉईंटचा ड्वेल (पॉईंट जुळलेले राहतात तेवढा कोन) 30 डिग्री लावा, मगच टायमिंग, कारण पॉईंट हलवले की टायमिंग हलतं. उलट क्रमाने केलंत तर दोनदा करावं लागेल.

नळी परत लावा आणि चढावर न्या, टॉप गिअरमध्ये दाबा. खडखड, म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर टायमिंग जास्त पुढे आहे, 2 डिग्री मागे घ्या. गरम इंजिन चालू करताना स्टार्टर अडखळत असेल तरी तेच. आवाज नाही पण ट्रक मंद आणि तापतोय, तर मागे राहिलंय.

आणि लाईटखाली खूण एका जागी थांबतच नसेल, नाचत असेल, तर टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) ढिली असू शकते. इंजिन बंद, बॅटरी काढलेली, डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडी, क्रँक हाताने पुढे-मागे करा आणि रोटर हलायच्या आधी खूण किती डिग्री सरकते ते बघा. 8-10 च्या वर सरकत असेल तर टायमिंगचा नाद सोडा, आधी चेन बदला.