शिडाच्या जहाजाने गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा

विदर्भाला समुद्र नाही, आणि म्हणूनच आपल्याकडच्या घरांतून मुदतीच्या कंत्राटावर परदेशी ऊसमळ्यांत मजुरीला गेलेल्या माणसाची आठवण जहाजाच्या नावाने सहसा उरत नाही. "तो बोटीत बसून गेला तो आलाच नाही," एवढे एकच वाक्य तीन-चार पिढ्या चालत आलेले असते. ते ऐकले की माणूस लगेच जहाजांच्या याद्या उघडतो आणि तिथेच त्याची वाट चुकते. आधी वर्ष ठरवावे, मग रेल्वेची किंवा पायी वाट, मग बंदर, आणि जहाज सर्वांत शेवटी शोधावे, असे माझे अनुभवाअंती मत आहे.

वर्ष ठरवण्यासाठी घरातल्या वृद्धांना तारीख विचारू नये, कारण ती त्यांना ठाऊक नसते. त्याऐवजी तो माणूस गेला तेव्हा घरात काय चालले होते, हे विचारावे. वाटणी झाली होती का, कोणाचा जन्म झाला होता, दुष्काळ होता का? आपल्या भागात १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांची आठवण अजून पुसलेली नाही, आणि दुसऱ्याला वृद्ध माणसे संवताच्या आकड्यावरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात. "छप्पनच्या आधी" किंवा "छप्पनच्या नंतर" एवढे कळले तरी शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. "मोरस" म्हणजे मॉरिशस, आणि मोरस साखर हा शब्द मराठीत त्यावरूनच आला. उत्तरेकडच्या मजुरांच्या तोंडी मॉरिशसला "मिरिच", त्रिनिदादला "चिनीदाद", डेमेरारा म्हणजे ब्रिटिश गयानाला "डमरा" आणि सुरिनामला "श्रीराम" अशी नावे होती. बंदरावरच्या डेपोत, म्हणजे जहाज सुटेपर्यंत मजुरांना ठेवण्याच्या जागी, त्यांच्याबरोबर राहिलेल्या माणसाचा निरोप गावी आला असेल तर त्यातही हीच नावे येऊ शकतात.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. जुन्या मध्य प्रांतातून आसामच्या चहाच्या मळ्यांवरही पुष्कळ माणसे नेली गेली, आणि त्यांचा शेवटचा टप्पा ग्वालंदो किंवा धुबरीहून ब्रह्मपुत्रेवरच्या आगबोटीचा असे. "बोटीत बसून गेला" हे वाक्य त्यांनाही तंतोतंत लागू पडते. घरच्या आठवणीत चहा, जंगल किंवा काळा ताप यांचा उल्लेख असेल आणि ऊस किंवा साखर मुळीच नसेल, तर समुद्रावरच्या याद्या चाळण्याआधी आसामचा विचार करावा.

वर्षाचा अंदाज आला की वाट ठरवता येते. मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोहोचली. त्यापूर्वी निघालेला माणूस मुंबईच्या वाटेने पायी किंवा बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर गेला असणार, आणि त्या बंदरातून मजुरांची जहाजे प्रामुख्याने मॉरिशसला जात. त्यांत रत्नागिरीकडची माणसे जास्त असली तरी आतल्या मुलखातला माणूस त्यांत नसेलच असे नाही. मजुरांच्या जहाजांवर १८३९ मध्ये बंदी आली आणि मॉरिशसपुरती ती १८४२ मध्ये उठली, म्हणून मधल्या काळात कोणी कंत्राटावर गेला अशी कथा असेल तर वर्ष पुन्हा तपासावे. १८७० नंतर जबलपूरमार्गे आणि १८९१ नंतर नागपूरहून थेट रेल्वेने कलकत्ता गाठता येऊ लागले. त्या काळातल्या माणसासाठी कलकत्त्याच्या याद्या, म्हणजे सुरिनाम, फिजी, त्रिनिदाद आणि गयाना यांच्या याद्या आधी पाहाव्यात. मात्र शतक बदलल्यावर थोड्याच वर्षांत शिडाची जहाजे मागे पडून वाफेची जहाजे आली, हेही ध्यानात ठेवावे.

आता गावातली कागदपत्रे. नागपूर, भंडारा, वर्धा आणि चांदा या मालगुजारी भागात (जिथे सारा मालगुजारामार्फत वसूल होई) मिसल बंदोबस्ताचे, म्हणजे जुन्या जमीन-मोजणी व साराआकारणीचे, कागद भूमी अभिलेख कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मिळतात. जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी तहसीलमध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागावा. गेलेल्या माणसाचे जाणे यांत नोंदलेले नसते. त्याच्या वडिलांचे नाव, जात आणि भावंडे मात्र यांतूनच पक्की होतात, आणि परदेशातल्या नोंदीशी जुळवायला नेमके तेवढेच लागते. बरेच कागद मोडीत असतात. मोडी येत नसेल तर एकच ओळ वाचून घेण्यापेक्षा पूर्ण पानाची छायाप्रत घेऊन जाणकाराला दाखवावी, कारण शेजारच्या ओळीत चुलत घराणे सापडण्याची शक्यता मोठी असते.

कलकत्त्याहून निघणाऱ्या प्रत्येक मजुराचा एक परवाना बने, आणि सगळ्या शोधात मला हाच कागद मोलाचा वाटतो. त्यावर जहाजाचे नाव, क्रमांक, मजुराचे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, जवळचा नातेवाईक, जिल्हा, ठाणे (म्हणजे पोलीस ठाणे), गाव, उंची आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. आडनाव नसते, म्हणून आडनावाने शोधू नये. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात मागे राहिलेल्या भावाचे नाव आले, तर ते आपल्या कोतवाल बुकाशी जुळवता येते. स्त्रियांच्या बाबतीत खुणांचा रकाना विशेष काळजीने वाचावा, कारण दंडावरचे किंवा कपाळावरचे गोंदण तिथे नोंदलेले असू शकते आणि घरच्या आजीला ते गोंदण ऐकून ठाऊक असू शकते. बाईने नवऱ्यावाचून प्रवास केलेला दिसला तर लगेच नोंद चुकीची मानू नये. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवण्याचा नियम होता आणि एकट्या बायकाही बऱ्याच गेल्या.

गावाच्या नावात आम्ही स्वतः अनेक महिने घालवले. आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ आबाजी यांना शोधताना आम्ही आजचाच जिल्हा धरून बसलो होतो. परवान्यावर जुना जिल्हा असतो: यवतमाळला १९०५ पर्यंत "वुण" म्हणत, वाशीम "बासीम" होता, अचलपूर "एलिचपूर" होता आणि गडचिरोली १९८२ पर्यंत चांद्यातच होती. कारकुनाला आपला "ळ" आणि "ण" लिहिता येत नसे. "पिंपळगाव" त्याच्या कानाला "पिपलगांव" लागे, आणि बोरगाव, खापरी, पिंपळगाव ही नावे तर तालुक्या-तालुक्यात आहेत. म्हणून गावाआधी ठाणे जुळवावे. ठाणे जुळले की गाव आपोआप दोन-तीन पर्यायांवर येते.

परवाने आणि याद्या आता उतरलेल्या बंदरांच्या देशांत आहेत. मॉरिशससाठी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागाराला लिहावे. तिथे प्रत्येकाला आगमनाच्या वेळी मिळालेला क्रमांक हीच मुख्य किल्ली आहे. सुरिनामला १८७३ ते १९१६ या काळात गेलेल्या ३४,३०४ जणांची सूची नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर ठेवली आहे, आणि घरबसल्या शोधण्यासाठी ती सर्वांत सोयीची आहे. फिजीला १८७९ ते १९१६ दरम्यान ६०,९६५ माणसे गेली. त्यांचे परवाने सुवा येथे आहेत. आपल्या बाजूला सरकारी पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून त्याचा काही भाग "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर वाचता येतो. पुराभिलेख विभागाचे कार्यालय नागपुरातही आहे.

एवढे झाल्यावर जहाज आपसूक हाती येते. पण एकाच नावाची अनेक जहाजे होती, आणि एकाच जहाजाच्या अनेक फेऱ्या होत. म्हणून नावाबरोबर निघण्याची आणि पोहोचण्याची तारीखही घ्यावी. "लालारुख" २६ फेब्रुवारी १८७३ रोजी कलकत्त्याहून निघाले आणि ५ जून रोजी सुरिनामच्या पारामारिबो बंदराला लागले, म्हणजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जवळजवळ शंभर दिवस. फिजीला पहिले जहाज "लिओनिडास" १४ मे १८७९ रोजी पोहोचले. १८८४ मध्ये "सिरिया" तिथल्याच नासिलाई खडकावर फुटले आणि ५९ जण बुडाले. अशा घटनांची वर्णने ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहेत, आणि ती इंटरनेटवर मोफत शोधता येतात. जहाजाचे वजन, बांधणी आणि मालक लॉइड्स या जहाजांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या वार्षिक नोंदवहीत मिळतात. जहाजावरच्या डॉक्टरचा अहवाल सापडला तर वाटेतले आजार, जन्म आणि मृत्यू त्यात असतात.

निघालेल्यांची आणि उतरलेल्यांची अशा दोन्ही याद्या मिळवाव्यात. पहिल्या यादीत असलेले नाव दुसरीत नसेल तर माणूस वाटेत गेला असण्याची शक्यता आहे, आणि मुदत संपल्यावर परतलेल्यांच्या यादीत ते दिसले तर तो परत आला पण गावी का पोहोचला नाही, हा वेगळाच शोध सुरू होतो. दोन्ही याद्यांतले वडिलांचे नाव, ठाणे आणि वय जुळेपर्यंत वंशावळीत शाईने काही लिहू नये. आमच्या वंशावळीत थोरल्या आबाजींपुढे जहाजाचे नाव आणि वर्ष अजून पेन्सिलीनेच लिहिलेले आहे, कारण उतरलेल्यांच्या यादीतले वय सहा वर्षांनी कमी निघाले आहे.