अंदमान स्वस्तात: विमानाच्या आधी भरती-ओहोटी बघा

विमान, खोली, बोट, ओळखपत्र, टोपी, सनस्क्रीन. ही यादी कुणीही करू शकतं, आणि यातलं काही राहिलं तर घरातलं कुणीतरी आठवण करून देतंच. भरती-ओहोटीच्या वेळांची आठवण कुणी करून देत नाही. गेल्या खेपेला त्या आमच्या यादीत नव्हत्या. नील बेटावर उतरलो तेव्हा भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं आणि मध्ये नुसते प्रवाळाचे खडक. दुपारी बेटाच्या दुसऱ्या टोकाला दगडी कमान बघायला गेलो तर तिथे भरती, वाट पाण्याखाली. परतीची बोट संध्याकाळची. दोन्ही गोष्टी त्या बेटावर होत्या, आम्हीच चुकीच्या वेळी चुकीच्या टोकाला होतो. म्हणून ही यादी वेळापत्रकापासून सुरू होते, आणि मध्येमध्ये पुन्हा तिथेच येईल.

आधी नावं, म्हणजे तिकिटं काढताना गोंधळ नको. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. ही नावं डिसेंबर २०१८ पासूनची. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. बोटवाले, रिक्षावाले, खोलीवाले अजून सर्रास जुनी नावं वापरतात, मीही इथे तीच वापरतोय. भारतीयांना या तिन्ही ठिकाणी वेगळा परवाना लागत नाही.

तारखा ठरवताना विमानाच्या भाड्याआधी पंचांग उघडा. गंमत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त वर येते आणि ओहोटीला पाणी जास्त खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा दोन्हींत फरक कमी. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त, आणि वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोकणातलं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं गणित माहीत असेल तर ते मात्र घरी ठेवा. ते आपल्या किनाऱ्याचं आहे. तिथला समुद्र वेगळा, भरतीच्या वेळा वेगळ्या. तिथी बघून उधाण की भांग एवढं कळतं, नेमकी वेळ नाही.

नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. हे तक्ते सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी काढतं, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावरही अंदाज बघता येतात. बंदर पोर्ट ब्लेअर निवडायचं. नील-हॅवलॉकला काही मिनिटं इकडेतिकडे. ज्या दिवशी नीलवर असाल त्या दिवसाच्या चारही वेळा कागदावर लिहून घ्या. फोनमध्ये नाही, कागदावर. फोन बोटीत बंद पडतो, तिथे रेंज जाते, आणि मग माणूस रिक्षावाल्याला विचारतो, आणि रिक्षावाला त्याच्या सोयीची वेळ सांगतो.

कुठली तिथी चांगली, हे काय बघायचंय त्यावर. दगडी कमान आणि खडकांतली डबकी बघायची असतील तर उधाणाची ओहोटी उत्तम, पाणी खूप खाली जातं. पहिल्यांदाच स्नॉर्केलिंगचा मुखवटा लावून पाण्यात डोकं घालणार असाल तर अष्टमीच्या आसपास बरं, ओढ कमी असते. हॅवलॉकला रात्री वल्हवत जाऊन पाण्यातले चमकणारे जीव बघायचे असतील तर अंधार हवा, पौर्णिमेला ते पैसे वाया. माझं मत: शुक्ल द्वितीया-तृतीयेला नीलवर असावं. चंद्र लवकर मावळतो आणि उधाण अजून असतं. घरचे अमावास्येला प्रवास नको म्हणतात, त्यांचंही मन राखलं जातं.

ऋतू: मे ते सप्टेंबर पाऊस, बोटी रद्द होण्याचं प्रमाण जास्त. ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याचा इशारा बघाच. दिवाळी, नाताळ आणि नवं वर्ष टाळा. नुसती गर्दी नाही, खोलीपासून नारळापर्यंत सगळ्याचा भाव चढलेला असतो. फेब्रुवारी-मार्च खिशाला आणि समुद्राला दोन्हीला बरा.

विमान: चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे. लवकर काढा. जहाजाने जायची हौस असते काहींना, पण चेन्नईहून जाताना जवळपास तीन दिवस पाण्यावरच जातात. छोट्या सुट्टीत विषय सोडा.

आता बोट. लोक इथेच पैसे घालवतात, कारण आधी खोली ठरवतात. खोली शेवटी. आधी तारखा, मग विमान, मग बोट, मग खोली. स्वस्त खोल्या हॅवलॉकला भरपूर आहेत, बोटीतल्या जागा मोजक्या. मार्ग त्रिकोणी ठेवा: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, तिथून नील, तिथून पोर्ट ब्लेअर. पुन्हा हॅवलॉकला यायचं नाही, एका फेरीचे पैसे वाचतात. सरकारी बोट खासगीपेक्षा बरीच स्वस्त आणि सावकाश, हॅवलॉकपर्यंत दोन-अडीच तास. मक्रूझ, नॉटिका वगैरे खासगी बोटी दीड तासाच्या आसपास पोचवतात, पण काचा बंद, एसी जोरात, बाहेर उभं राहता येत नाही. सरकारी बोटीची तिकिटं फार आधी सुटत नाहीत आणि सुटली की पटकन जातात. म्हणून माझा हिशोब असा: जाताना सरकारी मिळाली तर छान, नाही मिळाली तर खासगी; पण नीलहून परत येतानाची खासगी, आधीच काढलेली. परतीच्या बोटीवर पैसे वाचवायला जाऊ नका, पुढे विमान उभं असतं.

सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून, खासगी हड्डोवरून. रिक्षात बसताना नुसतं ‘जेट्टी’ म्हणू नका, तिकिटावरचं नाव सांगा. मूळ ओळखपत्र बरोबर. तासभर आधी. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बोटीत बसण्याआधी घ्यायची; मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो.

आणि बोटीची वेळ निवडताना काय उघडं असायला हवं? तो कागद. नीलला सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असे बेत लोक पैसे वाचवायला करतात. नीलचं सगळं ओहोटीवर आणि भरतीवर अवलंबून आहे. लक्ष्मणपूर दोन या किनाऱ्यावरची दगडी कमान ओहोटीलाच नीट गाठता येते. भरतपूरला पोहणं, मुखवटा लावून मासे बघणं भरतीला; ओहोटीला तिथे पाय टाकला तर प्रवाळ तरी मरतो नाहीतर तळवा तरी फाटतो. दोन्हींत सहा तासांचं अंतर. मधले चार-पाच तास तुम्ही बेटावर असाल तर दोन्हींतलं एकच मिळणार, किंवा आमच्यासारखं काहीच नाही. एक रात्र राहा. नीलला गावात साध्या खोल्या हॅवलॉकपेक्षा स्वस्त मिळतात, आणि रात्र राहिलात की एक भरती आणि एक ओहोटी उजेडात हमखास हाती लागते. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

कमानीकडे जाताना जुने बूट घाला. खडक निसरडे, शेवाळलेले, आणि चप्पल निघून जाते. डबक्यांत समुद्रकाकड्या, छोटे मासे, खेकडे दिसतात. हात लावायचा नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पाणी उतरत असताना आत जाता आणि चढायला लागायच्या आत बाहेर येता. उलटं करू नका.

उजेडाचाही हिशोब चुकतो. घड्याळ आपलंच, पण अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला, म्हणजे सूर्य सव्वा तासाहून थोडा जास्तच आधी. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि साडेपाचला अंधार. मुंबईच्या सवयीने पाचला हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला निघालात तर रिकामी वाळू दिसेल. चारला तिथे असा. उलट सकाळी साडेपाचला लख्ख उजाडतं, त्यामुळे लवकर उठणाऱ्यांची चंगळ. सकाळच्या ओहोट्या याच वेळात सापडतात, कागद बघा.

राहण्याचं: हॅवलॉकला गावं नंबरांनी ओळखतात. मुख्य बाजार तीन नंबरला, पाच नंबरला विजयनगरची किनारपट्टी, सात नंबरला राधानगर. बाजाराजवळ राहिलात तर खाणं स्वस्त. बेटावरची बरीचशी कुटुंबं पूर्व बंगालातून आलेली, त्यामुळे भात-मासळीची ताटं चांगली मिळतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलात त्याच मासळीचे कितीतरी जास्त मोजता. जेट्टीहून राधानगरला सरकारी बस जाते. वेळा मोजक्या, आधी विचारून ठेवा. दोघं असाल तर दिवसाच्या भाड्याने स्कूटर परवडते. मूळ लायसन्स हवं, हेल्मेट घाला, आणि घेताना ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा.

रोख रक्कम. पोर्ट ब्लेअरलाच काढा. हॅवलॉकला एटीएम आहेत पण मोजके, आणि गर्दीच्या दिवसांत रिकामे होतात. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, हॅवलॉकपर्यंतही पोचली, इंटरनेट पूर्वीपेक्षा खूपच सुधारलं. तरी यूपीआयच्या भरवशावर नीलच्या शहाळेवाल्यासमोर उभं राहू नका.

पाण्यातले खेळ: एकच निवडा. सगळं करायला गेलात की बजेट गेलं. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला जेट्टीवरून बोट जाते. जंगलातून चालत जायची वाटही आहे, पण ती उघडी आहे का हे तिथेच विचारा, शेवटचा भाग खारफुटीतून जातो आणि भरतीला चिखल-पाणी होतं. पुन्हा तेच वेळापत्रक. स्कूबा करणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशी नाही. मध्ये किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस. कुणी ‘काही होत नाही’ म्हणालं तर त्याचं ऐकू नका, रक्तात विरघळलेला नायट्रोजन त्याचं ऐकत नाही.

मगरी खऱ्या आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये एका पर्यटक बाईंचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जिथे पाटी लावली आहे, जाळी आहे, जीवरक्षक शिट्टी वाजवतोय, तिथे हुशारी नको. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरायचं नाही.

बारातांग बेट वगळा. पहाटे काफिल्यातून जावं लागतं, पूर्ण दिवस जातो, आणि रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे, आणि गाडीच्या काचेतून माणसं बघत जाणं मला तसंही पटत नाही.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलं, सात शाखांपैकी तीन उरल्या आहेत. सावरकर १९११ मध्ये इथे आणले गेले, त्यामुळे मराठी मंडळी तिथे जरा जास्तच थांबतात. घाईत उरकू नका, पहिली दुपार तिथेच द्या. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा.

बॅग: पातळ कपडे, लांब बाह्यांचा एक शर्ट, टॉर्च, पॉवर बँक, पाण्याची स्वतःची बाटली, बोटीवर फोन ठेवायला जलरोधक पिशवी. वाळूमाशांसाठी खोबरेल तेल. चावल्यावर खाजवलं की आठवडाभर खाजतं. चालत असलेली औषधं मोजून दोन दिवसांची जास्त. स्वतःचा मुखवटा असेल तर घ्या, भाडं वाचतं. आणि तो कागद, दुसरी प्रत सोबत्याच्या खिशात.

नीलला जायच्या आदल्या रात्री वेळा पुन्हा वाचा. बोटीला उशीर झाला असेल तर कुठलं टोक आधी, ते तेव्हाच ठरवा, जेट्टीवर उतरून नाही.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. नक्की. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, विमान थांबत नाही.

शंख, प्रवाळ, वाळू काही उचलू नका. कायद्याने बंदी आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. मुलांचे खिसे आधी तपासा.