कोरस आला तरी ऐकणाऱ्याला कळत नाही? मग या चुका टाळा

"कोरस उठतच नाहीये, काय करू?" (कोरस म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा मुख्य भाग) हे इतक्या जणांनी विचारलंय की आता सविस्तर लिहूनच टाकतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कोरसमध्ये वाद्यं भरत बसणं. एकाने गाणं पाठवलं होतं, कोरसमध्ये जास्तीच्या गिटार, स्ट्रिंग्ज, हार्मनीचे थरावर थर, टाळ्या, सगळं होतं आणि तरी कोरस कधी सुरू झाला ते कळत नव्हतं. कारण वर्समध्येच, म्हणजे कोरसच्या आधीच्या कडव्यातच, फुल ड्रम्स, फुल बेस आणि डावी-उजवीकडे पसरलेला पॅड (मागे लांबवर वाजत राहणारा सूर), वर मास्टरवर, म्हणजे पूर्ण गाण्यावर, लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) इतका दाबलेला की दोन्ही भागांची वेव्हफॉर्म सारख्याच जाडीची दिसत होती. कान तुलना करतो हो, आत्ता जे ऐकू येतंय त्याची मघाशी ऐकलेल्याशी. मी कोरसला हातही लावला नाही. वर्सच्या पहिल्या अर्ध्यातून बेस काढला, क्रॅश झांज काढली, पॅड मोनो केला, म्हणजे मधोमध आणला, लिमिटर सैल केला आणि कोरसच्या आधीचा शेवटचा बीट पूर्ण रिकामा सोडला. कोरस एकदम समोर आला. त्याने लगेच विचारलं कुठला प्लगइन लावलास, आणि याचंच मला वाईट वाटतं, की काढून टाकणं हाही उपाय असतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

दुसरी चूक, स्क्रीनकडे बघत ऐकणं. सॉफ्टवेअरमध्ये वर्स निळा, कोरस लाल, वर मार्कर, मग बदल डोळ्यांना आधीच दिसतो आणि कान नुसता हो म्हणतो. ऐकणाऱ्यासमोर ते रंग नसतात. मी काय करतो, ज्याने गाणं कधीच ऐकलेलं नाही अशा कोणालातरी बसवतो आणि सांगतो, नवीन भाग सुरू झाला वाटलं की टेबलावर हात मार. बदल स्पष्ट असेल तर हात पहिल्या एक-दोन बीटमध्येच पडतो, नसेल तर दोन बार (तालाची दोन आवर्तनं) उलटून जातात, म्हणजे 120 बीपीएमला (मिनिटाला 120 बीट) 4/4 मध्ये (एका बारमध्ये चार बीट) तब्बल 4 सेकंद. कारण बऱ्याचदा बदल मागाहून लक्षात येतो, नवी चाल थोडी कानावर पडली की मग "अरे, हे मघाशीच बदललं" असं होतं. भाग बदलण्याच्या सॉफ्टवेअरने शोधलेल्या जागा तपासतानाही 0.5 सेकंद आणि 3 सेकंद इतका फरक चालवून घेणाऱ्या दोन मर्यादा वापरायची पद्धत आहे, आणि एकाच गाण्यावर खुणा करणाऱ्या जाणकारांचंही सगळीकडे जुळत नाही.

फक्त फिल (भाग संपताना ड्रम्सचा छोटा तुकडा) आणि राइजरच्या (चढत जाणारा आवाज) भरवशावर राहू नका. ते एवढंच सांगतात की पुढे काहीतरी येतंय, मग तेच कॉर्ड्स, तोच गळा, तोच ठेका आला तर ऐकणारा हिरमुसतो. रेडीमेड राइजर टाकून मोकळं होण्याची घाई मला अजिबात पटत नाही. संगीत सिद्धांतकार लर्डाल आणि भाषाशास्त्रज्ञ जॅकेनडॉफ यांनी 1983 मध्येच मांडलंय की मध्ये आलेला विराम किंवा सुरांची उंची, जोर, वाजवण्याची ढब यांतला बदल कानाला तिथे नवा गट सुरू झाल्याचं सांगतो, आणि या खुणा एकाच जागी आल्या की ती जागा जास्त ठळक होते. म्हणून निदान तीन गोष्टी एकाच बीटवर बदला. मी बहुतेक वेळा गाण्याचा सूर वर नेतो, कॉर्ड बदलण्याचा वेग बदलतो आणि रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) बदलतो.

सगळे भाग 8 बारचेच ठेवले तर कान पुढचं आधीच धरून बसतो, एखादा बार कापून बघा.

दुसरा वर्स पहिल्याची कॉपी-पेस्ट नको, कोरसनंतर एनर्जी खाली आणायची असते.

ब्रिजमध्ये, म्हणजे वर्स-कोरसहून वेगळ्या मधल्या भागात, नुसते शब्द बदलून चालत नाही, ड्रम्स काढा किंवा कॉर्ड्स तरी बदला, नाहीतर लोकांना तो तिसरा वर्सच वाटतो.