महाडीबीटीवर शिष्यवृत्ती मंजूर, पण खातं रिकामं: माझा अनुभव

लक्षण असं: महाडीबीटी या राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर कॉलेज आणि विभाग, दोन्हीकडून अर्ज मंजूर, तरी हप्ता खात्यात नाही. पासबुक पुन्हा अपलोड केलं, तक्रार नोंदवली, बँकेत विचारलं. उत्तर ठरलेलं, "आधार लिंक आहे." डोकं फिरायची वेळ आली होती.

गोम इथे होती. केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत आधारपुढे ती बँक असणं वेगळं. आधारवरून येणारे पैसे या दुसऱ्या नोंदीप्रमाणे जातात आणि तिथे एका वेळी एकच बँक असते. माझ्या आधारपुढे शाळेत असताना उघडलेल्या, केव्हाच बंद पडलेल्या खात्याची बँक होती.

आधी मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे या दुसऱ्या नोंदीची स्थिती, उघडा (आधारला मोबाइल जोडलेला हवा, नाहीतर गाडी इथेच अडते). बँकेचं नाव आणि 'अॅक्टिव्ह' की 'इनअॅक्टिव्ह' ते दिसतं. मग चालू खात्याच्या शाखेत जा. तिथे नुसतं "लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग" म्हणा आणि त्याचाच संमती फॉर्म मागा. त्यात जुन्या बँकेचं नाव लिहून बदलाचा पर्याय निवडा, आधारची प्रत जोडा, शिक्का मारलेली पोच घ्या. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरूनही ही विनंती करता येते, पण मी शाखेतूनच केली. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. नवी बँक 'अॅक्टिव्ह' दिसल्यावरच पोर्टलवर हप्ता 'रिडीम' करा, म्हणजे तो खात्यात जमा करायची मागणी द्या. माझा हप्ता त्यानंतर जमा झाला.