आठ ओळींपाशी बसायचे कसे

लिहायला शिकायचे असेल तर भरपूर वाचावे, असा सल्ला सर्वांनाच मिळतो. मलाही मिळाला होता. सोलापुरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या कपाटांकडे पाहिले की तो सल्ला पाळायला एक आयुष्य पुरणार नाही हे कळते, आणि वाचून संपवलेल्या पुस्तकांची यादी वाढली तरी स्वतःचे वाक्य काही सुधारत नाही, हेही काही वर्षांनी ध्यानात येते. माझ्या लिहिण्यात पहिला फरक पडला तो थोडे वाचून त्याच्यापाशी पुष्कळ वेळ बसल्यामुळे. ते बसायचे कसे, एवढेच येथे सांगायचे आहे.

मजकूर लहान निवडावा. एखादी छोटी कविता, किंवा कथेतला एकच परिच्छेद. तो आधीपासून आवडलेला असावा, कारण जे आवडले ते का आवडले हे शोधताना मन कंटाळत नाही. पहिल्या दिवशी तो मजकूर फक्त हाताने वहीत उतरवून काढावा. मोबाइलवर फोटो काढून हे काम होत नाही. डोळा सरावाने ओळीवरून घसरत जातो, पण हाताला प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक स्वल्पविराम लिहावा लागतो आणि तेवढा वेळ तो शब्द आपल्यासमोर थांबतो. त्यानंतर मजकूर मोठ्याने वाचावा. ज्या शहराने रामजोशींसारखा शाहीर दिला, तेथे हे सांगावे लागू नये. संस्कृतात मुरलेल्या त्या माणसाची लावणी नुसत्या डोळ्यांनी वाचून निम्मीसुद्धा हाती येत नाही. गद्याचेही तसेच असते. ज्या वाक्यात श्वास अपुरा पडतो तेथे लेखकाने काहीतरी केलेले असते, आणि ते काय हे शोधायचे असते.

उदाहरण म्हणून बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. बालकवी (१८९०–१९१८) शाळेत सर्वांनाच भेटतात आणि ही आठ ओळींची कविता अनेकांना पाठ असते. पाठ असलेली कविता जवळून वाचणे सर्वांत अवघड, कारण जीभ पुढे धावते. म्हणून ती वहीत उतरवल्यावर मी एकेक रंगीत पेन्सिल घेऊन एकेक गोष्ट वेगळी करतो.

आधी रंग. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरव्या, मग काळ्या आणि शेवटी काळिमा. कविता हिरव्यापासून काळ्याकडे सरकते, आणि त्या दोहोंच्या मध्ये एकच पांढरी रेघ आहे, ती पायवाटेची. एवढे पाहिल्यावर ‘काळिमा’पाशी थांबावे. या शब्दामागे नेहमीच्या बोलण्यात ‘फासणे’ येते, म्हणजे तो कलंकाचा शब्द आहे, आणि कवीने त्याच्याआधी ‘गोड’ ठेवले आहे. आठ ओळींत रंगाला चव फक्त याच एका जागी दिली आहे. शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती आज इंटरनेटवर सहज पाहता येते. ओळखीच्या शब्दासाठी कोश उघडण्याची सवय ज्याला लागली, त्याला स्वतःचा शब्द निवडतानाही अडखळायला होते, आणि ते अडखळणे हिताचे असते.

मग क्रियापदे. हीच माझ्या मते या कवितेची किल्ली आहे. दोन-दोन ओळींच्या चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडीची दुसरी ओळ मोठ्याने वाचली तर सोळा मात्रांनंतर आवाज थोडा थांबतो; शेवटची ओळ पाहा: ‘पाय टाकुनी जळांत बसला / असला औदुंबर’. त्या थांब्याच्या अगदी अलीकडचे शब्द मी एकदा खुणा करून खाली लिहिले: वाहतो, लागली, चालली, बसला. चारही क्रियापदे! मराठी वाक्यात क्रियापद एरवी शेवटी येते. येथे ते चारही वेळा मधल्या उंबरठ्यावर उभे आहे. झरा वाहतो, शेतमळ्यांची गर्दी लागते, पायवाट चालते आणि औदुंबर बसतो. ‘बसला’वर आवाज थांबतो तेव्हा कवितेतली हालचालही थांबते, आणि ज्याचे नाव कवितेला दिले आहे ते झाड आठव्या ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवलेले आहे. ही कविता मला लहानपणापासून पाठ होती, तरी हे मला दिसले ते चाळिशी उलटल्यावर, मात्रा बोटांवर मोजताना. त्या संध्याकाळचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

येथे एक तपासणी करावी, तिच्याइतके शिकवणारे दुसरे काही नाही. शब्द बदलून पाहावा. ‘बसला’च्या जागी मात्रा सांभाळून ‘दिसला’ घालावे. चाल बिघडत नाही, यमकालाही धक्का लागत नाही, पण पाण्यात पाय सोडून बसलेला कोणीतरी जाऊन तेथे नुसते झाड उरते. काय गेले हे ज्याला वाक्यात सांगता आले, त्याने तो शब्द वाचला.

अर्थ लावण्याची घाई मात्र करू नये. आपल्याकडच्या माणसाला औदुंबर म्हटले की दत्त आठवतो, गाणगापूर आठवते; ती आठवण खोटी नाही, आणि ती समासात लिहूनही ठेवावी. पण कवितेत नमस्कार नाही, पादुका नाहीत, भक्तीचा एक शब्दही नाही. त्यामुळे ‘ही भक्तीची कविता आहे’ असे म्हणण्याआधी त्यासाठी कवितेतल्या कोणत्या शब्दावर बोट ठेवता येईल, हे स्वतःला विचारावे. बोट ठेवता आले नाही तर ती आठवण आपली आहे, कवितेची नाही. कवीचे चरित्र आणि इतरांची रसग्रहणे या टप्प्यानंतरच उघडावीत. आधी उघडली की आपल्याला तेच दिसू लागते जे दुसऱ्याने दाखवले.

गद्य वाचताना पेन्सिली तशाच, पण पाहायच्या गोष्टी थोड्या वेगळ्या. वाक्ये किती शब्दांची आहेत, आणि सर्वांत आखूड वाक्य कोठे आले? भूतकाळात चाललेली कथा मध्येच वर्तमानकाळात आली का? संवादात पात्र नेमके काय बोलते? आपल्या गावात मराठीच्या शेजारी कानडी, तेलुगू आणि उर्दू रोज कानावर पडतात, आणि ‘काय करलालाव’ म्हणणारा माणूस ‘काय करत आहात’ म्हणणाऱ्यापेक्षा वेगळ्या घरातून आलेला असतो, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. हाच कान कथा वाचताना उघडा ठेवायचा.

आता स्वतःच्या लिहिण्याकडे. गड्ड्याच्या यात्रेवर, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेवर, जिच्यात नंदीध्वज नावाच्या उंच पवित्र काठ्या पेलून मिरवतात, मी पूर्वी असे लिहिले होते: ‘यात्रेत प्रचंड गर्दी होती. सर्वत्र भक्तिमय वातावरण पसरले होते. नंदीध्वजांची मिरवणूक डोळ्यांचे पारणे फेडणारी होती.’ ‘औदुंबर’ वाचून झाल्यावर तीच पेन्सिल मी या तीन वाक्यांवर फिरवली. क्रियापदे: होती, पसरले होते, होती. रंग एकही नाही. आणि डोळ्यांचे पारणे फेडले असे सांगितले, पण डोळ्यांनी काय पाहिले ते कोठेच नाही. मग मी त्या दिवशी खरोखर जे पाहिले होते ते आठवत बसलो आणि पुन्हा लिहिले: ‘वळणावर नंदीध्वज कलला. पेलणाऱ्याचे पाय दोन पावले मागे सरकले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे पुढे झेपावली आणि टोक पुन्हा सरळ झाले, तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी जोडलेले हात सोडले.’

कवितेतली एकही ओळ मी येथे उचललेली नाही. क्रियापदांना काम द्यायचे आणि शेवट एका थांबलेल्या माणसावर करायचा, एवढेच घेतले. हे उसने घेणे लाजिरवाणे नाही. ज्याच्याकडून घेतले त्याचे शब्द आपल्या वाक्यात दिसू लागले तर मात्र ते वाक्य खोडावे.

असा एक मजकूर मी साधारण आठवडाभर पुरवतो: एक दिवस उतरवून काढणे, दोन दिवस खुणा, एक दिवस शब्द बदलून पाहणे आणि उरलेले दिवस स्वतःच्या जुन्या परिच्छेदावर तेच काम. वहीचे उजवे पान मजकुरासाठी आणि डावे पान खुणांसाठी मोकळे ठेवावे. यात्रेचा तो परिच्छेद अजून वहीत आहे, आणि त्यातल्या ‘झेपावली’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे, कारण माणसे खरोखर झेपावली होती की नुसती सरसावली होती, हे येत्या जानेवारीत पुन्हा पाहिल्याशिवाय मला ठरवता येणार नाही.